नोकरी की पढाई?

मागच्या पावसाळ्यातला एक जुमा. नमाज आटोपून मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. आमच्याच गल्लीतले एक भाई. वय पन्नाशीच्या पुढे. भोसरी एमआयडीसीतल्या एका डाय कास्टिंगच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिलेले. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझी विद्यार्थिनी होती.

“सर, बेटी एक कागज छाप के लाई है. मेरे कू समझ में नै आ रा, ये नौकरी है के पढाई. शाम को घर आ जाओ.”

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या वस्तीत अशा शिक्षकाला आणखी एक काम असतं. कोर्टाची नोटीस, बँकेचं पत्र, दवाखान्याची फाईल, रेशनचा फॉर्म, जे कुणाला कळत नाही ते संध्याकाळी माझ्यासमोर येतं. इंग्रजीचं मराठी करायचं, मराठीचं उर्दू करायचं आणि मग त्याचं आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. हा कागदही तसाच काही असेल, असं वाटलं.

तो कागद म्हणजे पुण्यातल्या एका तंत्रविद्यापीठाची जाहिरात होती. दोन पानं, सगळी इंग्रजीत. पद – ज्युनिअर रिसर्च फेलो. जागा – एक. मुदत – तीन वर्षं किंवा प्रकल्प संपेपर्यंत. मानधन – दरमहा ३७,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी काम तपासून ४२,०००. पात्रता – अभियांत्रिकीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आणि गेट परीक्षेचा गुणांक. निवड झालेल्या उमेदवाराला विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे पीएचडीसाठी नाव नोंदवता येईल.

शेवटी बारीक अक्षरात नेहमीची वाक्यं. हे पद पूर्णपणे तात्पुरतं आहे. प्रकल्प संपला की पद संपेल. कायम नेमणुकीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही.

मुलगी समोर बसली होती. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात दीड वर्षापासून कामाला. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस पकडते. नाशिक रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधून परत यायला संध्याकाळचे सहा, कधी सात. पगार अठ्ठावीस हजार. एमटेक तिने सरकारी शिष्यवृत्तीवर केलं होतं. गेट पास झालेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्यावर. तो गुणांक तीनच वर्षं चालतो. म्हणून नोकरी करता करता तिने यंदा फेब्रुवारीत परत गेट दिली. अभ्यास चाकणच्या बसमध्ये. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मी जाहिरात एकेक ओळ सांगू लागलो. ‘तात्पुरतं’ हा शब्द आला तशी भाईंनी मान हलवली. “मतलब पक्की नै.” भाभी आतून म्हणाल्या, “लगी लगाई नौकरी छोड के कच्ची पे कौन जाता, सर?”

इथे मी थांबलो. कारण हाच प्रश्न आठ वर्षांपूर्वी मी स्वतः एका मुलाला विचारला होता.

तोही माझाच विद्यार्थी. एमएस्सी केमिस्ट्री, चांगल्या गुणांनी. असाच एक कागद घेऊन आला होता. तेव्हा हे मानधन २५,००० होतं. मी बीएडवाला माणूस. माझ्या डोक्यात नोकरी म्हणजे ऑर्डर, हजेरीपट आणि निवृत्ती. मलाही एकेकाळी दखनी आणि मराठी यांच्या देवाणघेवाणीवर पीएचडी करायची होती. घरी धाकट्या बहिणींची लग्नं होती, म्हणून बीएड केलं आणि पहिली मिळाली ती नोकरी धरली. त्याचं मला दुःख नाही. पण स्वतःला दिलेला सल्ला मी त्या मुलाला तसाच्या तसा दिला. “तीन साल के बाद क्या करोगे? कंपनी पकडो.” त्याने माझं ऐकलं. शिक्षकाचं ऐकणारा मुलगा होता.

ती कंपनीही ठेकेदारामार्फत होती. अकरा महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग नवा करार. २०२०च्या टाळेबंदीत तो करार पुढे वाढलाच नाही. आता तो औषधांच्या दुकानांना माल पोचवणाऱ्या गाडीवर आहे. भेटला की आजही सलाम करतो, ‘सर, तब्येत कैसी?’ विचारतो. कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

हे सगळं मी त्या संध्याकाळी भाईंना सांगितलं. मुलीसमोर सांगितलं.

मग आम्ही ‘पक्की’ या शब्दाकडे परत आलो. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शब्द आपल्या बापजाद्यांच्या काळातला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि मग एकामागून एक कारखाने. ज्याला टेल्कोत चिकटवलं त्याचं सोनं झालं, ही समजूत तेव्हाची. ती तेव्हा खरीही होती. आज चाकणच्या गेटवर सकाळी उभे राहा. एकाच लाईनवर काम करणाऱ्यांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे पास दिसतील. कायम, ठेक्याचा, ट्रेनी, अप्रेंटिस. त्यांतला कायम शोधावा लागतो. म्हणजे मुलीने सोडायची ती नोकरी तरी पक्की होती का? भाईंनी तिला विचारलं. ती म्हणाली, “अब्बा, मेरा भी एक साल का कॉन्ट्रॅक्ट है. हर साल नया होता है.” ही गोष्ट त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोलली गेली.

आता मूळ प्रश्न. नोकरी की पढाई?

खरं उत्तर असं की दोन्ही. आणि आपल्याकडे हेच कुणी नीट सांगत नाही. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये तंत्रविद्यापीठं पीएचडीच्या जागेची जाहिरात काढतात ती बहुतेक वेळा नोकरीची जाहिरात असते. करार होतो, ठरलेल्या वेतनश्रेणीत पगार असतो, रजा असते, विमा असतो. तिथे अशा जागेवर बसलेल्याला कुणी ‘अजून शिकतोय का?’ म्हणत नाही. तो कामावर जातो. आपल्याकडे तेच काम करणाऱ्याला फेलो म्हणतात आणि त्याच्या पैशाला पगार नाही, मानधन म्हणतात. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी वगैरे प्रकार सहसा नसतात. पण काम तेच आहे. प्रयोगशाळेत सकाळी जायचं, यंत्र चालवायचं, मोजायचं, लिहायचं. त्यातून स्वतःचा प्रबंध उभा राहिला तर पीएचडी.

मी वाईट बाजूही सांगितली. मानधन दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. काही ठिकाणी महिनोन्‌महिने अडकतं. मार्गदर्शक कसा मिळतो यावर अर्धं नशीब. प्रकल्प तीन वर्षांचा आणि पीएचडीला लागली पाच, तर मधली दोन वर्षं कशी काढायची, याचा विचार आधीच करावा लागतो. आणि प्रकल्पातली जागा मिळाली म्हणजे पीएचडीचा प्रवेश मिळाला असं नसतं. त्याची प्रक्रिया, मुलाखत वेगळी असते. ही दोन दारं आहेत. पहिलं उघडलं की दुसऱ्यापर्यंत पोचणं सोपं होतं, इतकंच.

भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काम क्या करना पडेगा इसको?”

जाहिरातीत प्रकल्पाचं नाव होतं. लांबलचक. मी वाचलं आणि अडकलो. मुलीनेच सोपं करून सांगितलं. “अब्बा, ॲल्युमिनियम के कास्टिंग में अंदर छेद क्यूं आते, वो देखना है. मशीन पे नापना, कॉम्प्युटर पे हिसाब करना.”

भाई सरसावून बसले. “ब्लोहोल?”

“हां. ब्लोहोल, पिनहोल, सब.”

पुढची वीस मिनिटं त्या घरात मी आणि भाभी फक्त ऐकत होतो. भाई सांगत होते की पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं. इनगॉट ओला राहिला, भट्टीत टाकायचं हत्यार ओलं राहिलं, तर माल खराब निघतो. वरून गुळगुळीत दिसतो, मशिनिंगला गेला की आतलं भोक उघडं पडतं. मुलगी सांगत होती, असं का होतं. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेतं. धातू घट्ट होताना त्या वायूला आत जागा उरत नाही, तो बुडबुडे होऊन तिथेच अडकतो. म्हणून ओतायच्या आधी नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून तो वायू बाहेर काढतात. शिवाय पिस्टनने धातू जोरात डायमध्ये मारताना हवाही आत कोंडली जाते. ते छेद वेगळे. आणि धातू आकसताना पडतात ते आणखी वेगळे. कोणता छेद कशामुळे, हे कापून, एक्स-रे काढून ओळखायचं. मग धातूचं तापमान किती, वेग किती ठेवला तर ते कमी होतील, ते शोधायचं.

भाई म्हणाले, “सत्ताईस साल माल फेंका मैंने. सुपरवायझर बोलता, ऑपरेटर की गलती. किसी ने ये नै बताया के अंदर क्या होता.”

मला वाटतं, निर्णय त्या वाक्यात झाला. मी बोललो त्याने नाही.

आपल्याला संशोधन म्हणजे कुठेतरी दूर, पांढऱ्या कोटातल्या माणसांचं काम वाटतं. ते आपल्या शेजारी होत आलं आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं एक प्रतिजैविक शोधलं. त्याचं नाव हॅमायसिन. कंपनीच्या नावातली ‘एचए’ ही अक्षरं त्या औषधाच्या नावात आहेत. आपल्यातल्या किती जणांचे वडील, चुलते त्या कंपनीत कामाला होते! पण हे नाव मला शाळेत कुणी शिकवलं नाही आणि मीही इतकी वर्षं मुलांना शिकवलं नाही. वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात आहे, तिचं एक केंद्र चाकणमध्येच आहे. टाटा मोटर्सचं संशोधन केंद्र पिंपरीत, बजाजचं आकुर्डीत. शिवाजीनगरचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथेच शिकले, आणि २०२२मध्ये ते स्वतंत्र तंत्रविद्यापीठ झालं. पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रोत बसलं की थेट शिवाजीनगरला उतरता येतं. चाकणपेक्षा तो रस्ता जवळचा आहे. लांब आहे ते आपलं मन.

मनाचं असं होण्याला कारणंही आहेत. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं होतं की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या पन्नास विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे. त्यानंतर २००९मध्ये अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप सुरू झाली. तिच्यावर अनेक मुलामुलींनी पीएचडी केली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ती बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. इतर योजनांशी ती जुळते, असं कारण दिलं. इतर योजना आहेत हे खरं. पण आईबाप जेव्हा विचारतात की ‘हमारे लिए कुछ है क्या?’, तेव्हा एका नावाने उत्तर देता येत होतं. ते नाव गेलं.

उरलेल्या वाटा शोधाव्या लागतात. महाराष्ट्रात मुसलमानांमधल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन आणि इतर. त्यांच्या मुलांना पीएचडीच्या पात्रतेत पंचावन्न टक्क्यांऐवजी पन्नास टक्के गुण चालतात. ‘महाज्योती’ची संशोधन फेलोशिप ओबीसींसाठी आहे, त्यात तेही आले. फक्त कागद लागतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा मागतात, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. या भाईंच्या घरी तेच झालं आहे. ते पिंजारी. लातूरकडचे. मुलगी बारावीत असताना दाखल्यासाठी गावी दोन फेऱ्या झाल्या, मग कंटाळून सोडलं. मी म्हटलं, आता परत जा. तिच्यासाठी उशीर झाला तरी धाकट्यासाठी उपयोगी पडेल.

भाभींचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी तो चहा देताना, मुलगी आत गेल्यावर विचारला. “सर, उमर निकल जाएगी. पीएचडी की लडकी को लडका कहां से लाना?” या प्रश्नाला हसणारे लोक मला आवडत नाहीत. भाभी जगाशी रोज व्यवहार करतात, त्यांना ठाऊक आहे जग काय विचारतं. मी एवढंच सांगितलं की लग्न आणि पीएचडी यांत एकच निवडायचं असं नियमांत कुठे नाही. २०२२च्या यूजीसीच्या नियमांत पीएचडीला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, बाईला आणखी दोन वर्षं मिळू शकतात, बाळंतपण आणि मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. म्हणजे सरकारने तरी गृहीत धरलं आहे की लग्न झालेली, मूल असलेली बाई प्रबंध लिहील. भाभी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अच्छा, छुट्टी मिलती?” पटलं असं नाही म्हणणार. पण पुढे त्यांनी विरोध केला नाही.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला शाळेत आम्ही वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. कलाम साहेबांच्या फोटोला हार घालतो, मुलं भाषणं करतात, ‘मोठी स्वप्नं पाहा’ म्हणतात. त्या कलाम साहेबांकडे मद्रासच्या तंत्रसंस्थेत प्रवेश घ्यायला पैसे नव्हते. बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. नावापुढचं ‘डॉ.’ तर मानद पदव्यांमुळे लागलं. मुलांना आम्ही स्वप्न सांगतो, पण बांगड्या गहाण ठेवायला कुणीतरी तयार झालं होतं, हे सांगत नाही. आणि आज बांगड्या गहाण न ठेवताही जाता येईल अशी एक वाट दोन पानांच्या जाहिरातीत असते, ती वाचायची कशी, हे तर मुळीच शिकवत नाही. दहावीला अर्जलेखन शिकवतो. जाहिरातवाचन कोण शिकवणार?

अर्ज गेला. मुलाखतीच्या दिवशी मुलीने कंपनीत रजा टाकली. भाईंनीही टाकली, तिला सोडायला. दोघे मेट्रोने गेले. मुलाखतीत तिला विचारलं की कारखान्यात काम केलेलं असताना इकडे का यायचं आहे. ती म्हणाली, कारखान्यात रोज किती माल बाद झाला ते मोजते, का बाद झाला ते विचारायला वेळ नसतो. तिथले एक प्राध्यापक हसले म्हणे.

दोन आठवड्यांनी यादी लागली. जागा एक होती. तिचं नाव दुसरं, प्रतीक्षा यादीत पहिलं. पहिल्या उमेदवाराने जागा घेतली आणि प्रतीक्षा यादी संपली.

मी घरी गेलो तेव्हा मला काय बोलावं ते सुचत नव्हतं. मनात आठ वर्षांपूर्वीचा तो मुलगा होता. त्याला मी अडवलं, हिला ढकललं, आणि दोन्ही वेळा हाती काही नाही. मुलगी नेहमीप्रमाणे सकाळची बस पकडून चाकणला गेली होती. भाई घरी होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग टीव्हीखालच्या कप्प्यातून ती दोन पानं काढली. घड्या पडून मऊ झालेली. ‘तात्पुरतं’ या शब्दाशेजारी मी त्या दिवशी पेन्सिलने उर्दूत लिहिलेला अर्थ तसाच होता.

“सर,” ते म्हणाले, “ऐसा कागज अगला कब निकलता?”

आता दर जुम्याला, नमाजनंतर, मी मोबाईलवर विद्यापीठांच्या जाहिराती पाहतो. तीन जणांसाठी पाहतो. एक ही मुलगी. एक बारावीतला तिचा धाकटा भाऊ, जरा लवकरच. आणि एक तो, औषधांच्या गाडीवरचा. त्याला मागच्या महिन्यात मी एका प्रयोगशाळा सहायकाच्या जागेची जाहिरात पाठवली. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं. “सर, उमर की हद पैंतीस लिखी है. मैं चौंतीस का हूं. भर दूं?”

मी लिहिलं, भर. आज ही भर.